एलरशॉची शेवटची भट्टी

लंडनहून फोन आला की विल्फ मिकलथ्वेट तो उभ्यानेच घ्यायचा. खुर्चीत बसून बोललं की माणूस फार लवकर हो म्हणून मोकळा होतो, असा त्याचा अनुभव होता. मार्चमधल्या त्या बुधवारीही तो खिडकीपाशी उभा होता. फोनवर मालक कंपनीचा मोठा साहेब पेल्हॅम होता.

"दुसरी भट्टीही बंद करायची, विल्फ्रेड. म्हणजे अख्खा कारखानाच. मंडळाचं ठरलंय." पेल्हॅमचा आवाज नेहमीसारखाच सभ्य होता. "कामगारांना टपालाने कळवू. तुम्ही दोन-तीन दिवस घरी थांबा. उगाच तोंडातोंडी नको."

"टपालाने नको. मी सांगतो."

"तुम्ही?"

"बोनस जाहीर करताना मी बाकावर उभा राहून भाषणं ठोकली. आता हे सांगायला पोस्टमनला पुढे करू?"

मग पेल्हॅम म्हणाला, "तुमची मर्जी. पण जपून. अशा वेळी माणसं बिथरतात."

विल्फने फोन ठेवला. खाली अंगणात बाटल्यांनी भरलेला ट्रक वजनकाट्यावर चढत होता. ड्रायव्हरने वर पाहून हात केला. विल्फनेही केला.

ऑल्डरविक गावात ज्या घरातून कुणी कोळशाच्या खाणीत जात नसे, त्या घरातून एलरशॉच्या काचेच्या कारखान्यात जात असे. बिअरच्या, दुधाच्या, सॉसच्या, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या इथे बनायच्या. विल्फचा बाप भट्टीवर होता. आई गेली तेव्हा विल्फ एवढासा होता, तिचा चेहरा त्याला फोटोपुरताच माहीत. त्याला वाढवलं थोरल्या बहिणीने, एडनाने. तिनेच त्याला टबात बसवून घासलं, पावावर चरबी फासून खायला घातलं, रविवारी कान धरून चॅपलमध्ये नेलं. चौदाव्या वर्षी तिनेच त्याला कारखान्याच्या फाटकाशी नेऊन सोडलं. "नाक पूस, आणि सांगतील ते ऐक," एवढा एकच उपदेश तिने केला होता.

त्याने ऐकलं. लढाईवरून परत आल्यावर तो दिवसा भट्टीवर राबायचा आणि संध्याकाळी बस पकडून शेफील्डला काचेचं शास्त्र शिकायला जायचा. मुकादम झाला, भट्टीप्रमुख झाला, मग कारखान्याचा व्यवस्थापक. एलरशॉ घराण्यातल्या शेवटच्या म्हाताऱ्याने कारखाना लंडनच्या एका कंपनीला विकला, तेव्हा नव्या मालकांना इथली माणसं सांभाळणारा कुणीतरी हवा होता. त्यांनी विल्फला मॅनेजिंग डायरेक्टर केलं. त्या दिवशी कामगारांच्या क्लबात त्याला कुणी स्वतःच्या बिअरचे पैसे देऊ दिले नाहीत. "आपला विल्फ लंडनवाल्यांना नाचवणार," असं बाकं बडवून म्हटलं गेलं.

त्याची बायको म्यूरिअल हिने टेकडीवरचं घर पसंत केलं. एडना पहिल्यांदा तिथे आली तेव्हा दारातच बूट काढून उभी राहिली. "एवढा पांढरा गालिचा! चहा सांडला तर गोळ्या घालता की काय?" ती म्हणाली. सगळे हसले. म्यूरिअल जरा कमी हसली.

तीन हिवाळ्यांपूर्वी पहिली भट्टी बंद झाली, आणि ते हसणं संपलं. जे शेवटी आले ते आधी जाणार, असा नियम होता. शेवटी आलेल्यांत एडनाचा एकुलता एक मुलगा कीथ होता. विल्फने मनात आणलं असतं तर त्याला दुसऱ्या भट्टीवर घेता आलं असतं. एडना स्वतः विचारायला आली होती, आयुष्यात पहिल्यांदा. "माझा भाचा म्हणून त्याला ठेवला, तर उद्या बाकीच्यांना कोणतं तोंड दाखवू?" असं विल्फ म्हणाला. कीथ ऑस्ट्रेलियाला गेला. तेव्हापासून एडना भावाशी एक शब्द बोलली नव्हती. कारखान्यात ती तपासणीच्या पट्ट्यावर होती. तो तिथून गेला की ती हातातली बाटली उजेडात धरायची आणि तो दिसेनासा होईपर्यंत तिच्यात खोट शोधत राहायची.

तिचा नवरा अर्नल्ड बीव्हर्स हा कामगार संघटनेचा म्होरक्या. तो विल्फशी बोलायचा, पण टेबलापलीकडून, "मिस्टर मिकलथ्वेट" म्हणून.

गुरुवारी सकाळी विल्फ कँटीनमध्ये गेला. चहाच्या मोठ्या पिंपाशेजारी उभं राहून त्याने सगळं सांगितलं. गोल गोल बोलला नाही. कारखाना बंद होतोय, तारीख ही, कारण हे.

"तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?" अर्नल्डने विचारलं.

"कालपासून."

"आणि तुम्ही काय म्हणालात त्यांना?"

विल्फ काहीच म्हणाला नव्हता. पत्र नको, मी सांगतो, एवढंच.

मागून कुणीतरी ओरडलं, "त्याला कशाला विचारतोस? तो टेकडीवरचा आहे!" एक कप जमिनीवर फुटला. मग बाकं सरकली, माणसं उठली, आणि विल्फला वाटलं, आता संपलं. पण अर्नल्ड त्याच्यापुढे येऊन पाठ करून उभा राहिला.

"कुणी हात लावायचा नाही," तो सगळ्यांना म्हणाला. "फाटकाला कुलूप घाला. भट्टी आपण चालवायची. भट्टी पेटती आहे तोवर हा कारखाना जिवंत आहे. एकदा विझली की इथे उंदीरसुद्धा राहणार नाही." मग मान वळवून म्हणाला, "आणि तुम्ही वर तुमच्या ऑफिसात बसा, मिस्टर मिकलथ्वेट. चहा मिळेल. घरी जाता येणार नाही."

"म्हणजे मला कोंडताय?"

"तुम्ही आम्हाला रस्त्यावर काढताय. आम्ही तुम्हाला आत ठेवतोय. तुमचं बरं चाललंय म्हणायचं."

काही जण हसले. कडवट होतं ते हसणं, पण त्याने हवेतला ताण थोडा उतरला.

दुपारी ऑफिसच्या दारावर लाथ बसली आणि दार उघडलं. एडना होती. दोन्ही हातांत थाळी, तिच्यात डुकराच्या मांसाचं सारण भरलेली गार पाई आणि लोणच्याचा कांदा. तिने थाळी त्याच्या कागदांवर आदळली.

"अर्नल्डने पाठवलंय," ती म्हणाली. तीन वर्षांतले पहिले शब्द. "मी नाही."

"थँक्यू, एडना."

"माझे आभार मानू नकोस. मी पाठवलं असतं तर त्यात मोहरी नसती घातली."

त्याला हसू आवरेना, पण तिच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. ती गेली. त्याने पाई खाल्ली. मोहरीची चटणी भरपूर होती, त्याला लहानपणापासून आवडायची तशी.

त्या दिवशी त्याला खरी काळजी भट्टीची होती. काचेची भट्टी कधी थंड करायची नसते. तिच्या पोटात वितळलेल्या काचेचं तळं असतं, वर्षानुवर्षं रात्रंदिवस तापतं, आणि त्यावर विटांची मोठी कमान असते. या भट्टीचा घसा, म्हणजे काच जिथून पुढे सरकते तो अरुंद भाग, झिजत आला होता. विल्फने त्याची दुरुस्ती दोनदा मागितली होती. लंडनने दोन्ही वेळा पुढे ढकलली होती. कशासाठी ढकलली, ते आता कळत होतं. मरणाऱ्याचे दात कोण बसवतो?

शुक्रवारी सकाळी पेल्हॅमचा फोन आला. विल्फ उभा राहिला.

"तुम्ही ठीक आहात ना? मारहाण वगैरे?"

"चहा आणि मांसाची पाई मिळतेय. मला काही झालेलं नाही."

"बरं. ऐका, आज दुपारी गॅस बंद करतोय. कालव्याच्या गल्लीतल्या मुख्य झडपेपाशी गॅसवाले यायला निघालेत. गॅस नाही तर भट्टी नाही, भट्टी नाही तर भांडण नाही. सगळे मुकाट बाहेर येतील. पोलिसांना दार फोडावं लागणार नाही, कुणाच्या डोक्यात काठी बसणार नाही. मला वाटतं, यात सगळ्यांचंच भलं आहे."

तो हे मनापासून बोलत होता, आणि त्यानेच विल्फच्या अंगावर काटा आला.

"साहेब, तशी एकदम थंड केली तर कमानीच्या विटा तडकतील. कमान खाली येईल. खाली माणसं आहेत. आणि घशाचं मी तुम्हाला—"

"आमच्या इंजिनीअरचं म्हणणं आहे की ती हळूहळू गार होईल, बस्स."

"त्यांनी ही भट्टी पाहिलीय?"

"विल्फ्रेड, मला वाईट वाटतं, पण तुम्ही त्यांच्या ताब्यात आहात. शेजारी कोण उभं राहून तुमच्याकडून हे वदवून घेतंय, मला काय ठाऊक? अशा स्थितीत तुमचा शब्द मला धरता येत नाही. गॅसवाल्यांनाही मी तेच सांगितलंय."

विल्फ खाली धावला. अर्नल्ड आणि संघटनेचे दोघे-तिघे कँटीनमध्ये पाट्या रंगवत बसले होते. त्याने धापा टाकत सगळं सांगितलं.

अर्नल्डने ब्रश खाली ठेवला नाही. "छान," तो म्हणाला. "लंडनने पढवलं, पोपट बोलला. भट्टी पडेल, पळा पळा! आम्ही पळायचं आणि तुम्ही कुलूप लावायचं."

"अर्नल्ड, मी त्या भट्टीवर तुझ्याआधी काम केलंय."

"केलंत. मग टेकडीवर गेलात."

"निदान भट्टीखालच्या तळघरातली माणसं तरी वर काढ!"

"थंडीत ऊब मिळते म्हणून बसलीत बिचारी पत्ते खेळत. तीही सुखाने बघवत नाहीत का तुम्हाला?"

विल्फने त्याची बाही धरली. अर्नल्डने ती झटकली. दोघंही पन्नाशीच्या पुढचे, आणि क्षणभर वाटलं की शाळेतल्या पोरांसारखे एकमेकांच्या अंगावर जाणार.

तेवढ्यात तळघरातून आरोळी आली. शब्द कळले नाहीत, पण तो आवाज भट्टीवर काम केलेल्या माणसाला कळतो. रंगाचा डबा लवंडला. अर्नल्ड आणि विल्फ एकाच दाराकडे धावले आणि दारात एकमेकांवर आदळले.

जिन्यावरूनच दिसलं. भट्टीच्या घशाखालच्या विटांतून एक जाड, नारिंगी धार बाहेर आली होती. ती वाहत नव्हती, मधासारखी लोंबत होती, आणि जमिनीला टेकल्याबरोबर तिथे पडलेले पत्ते भपकन पेटले. पत्ते खेळणारे भिंतीला चिकटले होते. जिन्याकडे यायचं तर धारेजवळून यावं लागत होतं.

"पाणी!" विल्फ ओरडला. त्याने कोट काढून फेकला आणि भिंतीवरची नळी ओढली. "धारेवर नको! तोंडावर मार, विटांवर! ती आतच गोठली पाहिजे!"

अर्नल्डने दुसरी नळी घेतली. काही विचारलं नाही. पाणी लागताच असा फुत्कार झाला की कानठळ्या बसल्या, वाफेने काही दिसेना, आणि काचेचे कण उडून चेहऱ्याला चावू लागले. विल्फ एका बाजूने, अर्नल्ड दुसऱ्या बाजूने. मध्ये उष्णतेची अशी भिंत होती की श्वास आत घेतला तर छाती भाजेल. अर्नल्डची बाही धुमसायला लागली. त्याने शिवी हासडली, पण नळी सोडली नाही.

"डावीकडे!" विल्फ ओरडला. "तुझ्या डावीकडे, गाढवा!"

"दिसतंय मला!"

धार बारीक झाली. मग थांबली. विटांच्या तोंडावर गोठलेल्या काचेची काळपट खपली धरली. भिंतीला चिकटलेली माणसं एकेक करून जिन्याकडे निसटली. शेवटचा वर गेल्यावर अर्नल्ड पायरीवर बसला. त्याच्या हाताची कातडी कोपरापर्यंत लाल झाली होती.

"थांबली," तो म्हणाला.

"आत्तापुरती. दोन्ही नळ्या चालू ठेवायला हव्यात, आणि भट्टी रिकामी करायला हवी. आज. तळाचं भोक उघडून काच पाण्यात सोडायची."

अर्नल्डने मान वर केली. "आणि मग आमच्या हातात काय राहिलं? रिकामं भांडं?"

"जीव राहील."

"खपली टिकेल. पाणी मारत राहू. माणसांच्या पाळ्या लावू."

"नाही टिकणार, अर्नल्ड. आणि गॅस गेला तर रिकामीही करता येणार नाही. आतली काच जागच्या जागी थिजेल, वरून कमान कोसळेल, आणि नळी धरून उभे असलेले तिच्याखाली असतील. रिकामी करायची तरी आधी गॅस हवा. उद्यापर्यंत हवा."

आता कुणी पोपट म्हटलं नाही. तळघराच्या तोंडाशी लोक जमले होते. त्यांत एडना होती, तपासणीवरचा निळा झगा घातलेली. तिने नवऱ्याचा हात पाहिला आणि डोक्याचा रुमाल सोडून ओला करून त्यावर गुंडाळला.

"फोन कर की मग गॅसवाल्यांना," कुणीतरी म्हणालं.

"माझा शब्द चालत नाही," विल्फ म्हणाला. "लंडनने त्यांना सांगितलंय की मी कोंडलेला आहे, तुम्ही म्हणाल तेच बोलतो. मला बाहेर जावं लागेल. त्या झडपेपाशी, मोकळा माणूस म्हणून उभं राहून सांगावं लागेल."

सगळे अर्नल्डकडे बघू लागले. फाटकाची किल्ली त्याच्या खिशात होती. विल्फ आत होता म्हणून तर पोलिसांनी फाटकाला हात लावला नव्हता, हे प्रत्येकाला माहीत होतं. तो एकदा बाहेर गेला की गेला. बाहेर पोलीस होते, त्याची बायको होती, टेकडीवरचं घर होतं. परत यायला त्याला कोणतं कारण होतं?

"आणि परत नाही आलात तर?" अर्नल्डने विचारलं.

विल्फने तोंड उघडलं, पण आपण देऊ ती कोणतीही शपथ इथे पोकळ वाजेल, हे त्याला कळलं.

"दे किल्ली," एडना म्हणाली.

"एडना, हा तोच आहे ज्याने आपल्या कीथला—"

"मला सांगतोस? मला?" तिचा आवाज चढला नाही. "दे. नाही आला तर मला कळेल माझा भाऊ कोण आहे ते. एकदाचं कळू दे."

फाटकाचं कुलूप काढलं तेव्हा बाहेरच्या गर्दीत हलकल्लोळ झाला. पोलीस इन्स्पेक्टर लगबगीने पुढे आला आणि त्याने विल्फच्या खांद्याला धरलं. "संपलं, सर. आता तुम्ही सुरक्षित आहात." मागून म्यूरिअल आली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. त्याचे ओले कपडे आणि भाजलेल्या भुवया पाहून तिने तोंडावर हात घेतला. गाडीचं दार उघडंच होतं.

"विल्फ, घरी चल. आधी घरी चल."

"थांब जरा," तो म्हणाला. इन्स्पेक्टरचा हात त्याने हळूच बाजूला केला आणि तो भिंतीकडेने कालव्याच्या गल्लीकडे निघाला. पळावंसं वाटत होतं, पण पळणाऱ्या माणसावर कुणी विश्वास ठेवत नाही.

गल्लीतल्या झडपेच्या विटांच्या खोलीचं दार उघडं होतं. आत गॅसवाल्यांचा इंजिनीअर सेथ लम मोठी चावी झडपेवर चढवत होता. विल्फ त्याला ओळखत होता. दोघंही एकाच ब्रास बँडमध्ये वाजवायचे.

"सेथ, हात काढ."

लमने मान वळवली. "अरे, तू बाहेर आलास? मला तर सांगितलं की—"

"मी मोकळा आहे. बघ, माझ्याबरोबर कुणी नाही. भट्टीचा घसा फुटलाय. आम्ही ती रिकामी करतोय. तू हे फिरवलंस तर कमान माणसांच्या डोक्यावर येईल."

"मला लंडनहून हुकूम आहे, विल्फ. मोठ्या माणसाचा."

"इथला मॅनेजिंग डायरेक्टर मी आहे. अजून तरी. जे होईल ते माझ्या नावावर. इन्स्पेक्टरसाहेब, तुम्हीही ऐका!" इन्स्पेक्टर मागोमाग आला होता. "मी यांना लेखी, तोंडी, कसंही सांगायला तयार आहे. आणि इतकं सांगूनही बंद करणार असाल तर तुम्ही दोघं माझ्याबरोबर आत या आणि भट्टीखाली उभे राहा."

लमने इन्स्पेक्टरकडे पाहिलं. इन्स्पेक्टरने गल्लीच्या टोकाला दिसणाऱ्या धुराड्याकडे पाहिलं. मग लमने चावी काढून भिंतीला टेकवली आणि कपाळ पुसलं. "तू सांगेपर्यंत मी इथून हलत नाही," तो म्हणाला. "दुसरा कुणी आला तरी."

परत येताना म्यूरिअल गाडीपाशीच उभी होती. तिला सगळं कळलं होतं, त्याच्या चालण्यावरूनच.

"लंडनवाले तुला काढून टाकतील," ती म्हणाली.

"हो."

"तुला काही झालं तर मी काय करू?" तिचा राग आणि रडू एकत्र आलं होतं. तिच्या हातात त्याचा जाड कोट होता, घरून आणलेला. त्याला वाटलं ती तो गाडीत फेकेल. तिने तो त्याच्या खांद्यावर घातला, बटणं लावली, आणि तोंड फिरवलं.

फाटक उघडंच होतं. अर्नल्डने ते लावलं नव्हतं. एडना मधोमध उभी होती. विल्फ आत आला, तशी ती एक पाऊल बाजूला झाली. त्याच्या मागे तिनेच कडी घातली.

तळाचं भोक विल्फने स्वतः उघडलं. काच पाण्याच्या हौदात पडू लागली, फुटू लागली, आणि हौदातून पाण्याची उकळी उसळत राहिली. माणसांनी आळीपाळीने नळ्या धरल्या, पाव खाल्ले, परत नळ्या धरल्या. शनिवारी खपली एकदा तडकली. कुणीतरी किंचाळलं. पण तोपर्यंत काचेचं तळं उतरत घशाच्या खाली गेलं होतं, आणि विटांच्या फटीतून नुसती ऊन हवा आली. मग विल्फने गॅस एकेक जाळाने कमी करत नेला. शेवटचा जाळ विझला तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भट्टीचा घोंघाट गावाला इतका सवयीचा होता की तो थांबल्यावर रस्त्यावरचे लोक घराबाहेर येऊन उभे राहिले.

पेल्हॅमने विल्फला फोनवरच काढलं. "तुम्ही कंपनीच्या विरुद्ध उभे राहिलात," तो म्हणाला. आणि मग, "घशाबद्दल मला नीट कुणी सांगितलं नव्हतं."

"मी सांगितलं होतं."

"हो. तुम्ही सांगितलं होतं." मग त्याने फोन ठेवला.

कारखाना वाचला नाही. बाटल्यांचे साचे आत होते, कंपनीला ते हवे होते, म्हणून कामगारांनी आणखी काही आठवडे फाटक धरून ठेवलं आणि जाताना कंपनीने कबूल केली होती त्यापेक्षा बरीच मोठी भरपाई पदरात पाडून घेतली. उन्हाळ्यात धुराडं पाडलं. विल्फ ते पाहायला गेला नाही. काचेच्या धंद्यात त्याला कुणी दारात उभं केलं नाही. गोल्फ क्लबात त्याच्या टेबलावरच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. मग त्याने आणि म्यूरिअलने टेकडीवरचं घर विकलं आणि खाली गावात, चॅपलच्या मागे छोटं घर घेतलं. शेफील्डच्या ज्या कॉलेजात तो शिकायला जायचा, तिथेच तो भट्ट्यांची देखभाल शिकवू लागला. सात-आठ वर्षं त्याने ते केलं, आणि पोरांना त्याचा धाक वाटायचा.

भट्टी विझल्यानंतर दुसऱ्या रविवारी एडना चॅपलमध्ये त्याच्या रांगेत येऊन बसली. प्रार्थना संपल्यावर, पुस्तक मिटता मिटता, समोर बघत ती म्हणाली, "त्या शुक्रवारचं मी विसरणार नाही. कीथचंही विसरणार नाही."

"बरं," विल्फ म्हणाला.

"दोन्ही एकदम मनात राहतात. मी काय करू?"

"राहू दे."

"जेवायला या दोघं. भाजलेलं बीफ आहे. आणि म्यूरिअलला सांग, माझा गालिचा तपकिरी आहे. काही सांडलं तरी चालेल."

कीथ परत आला नाही. तिथेच लग्न केलं, तिथेच रमला. नाताळला उन्हातले फोटो यायचे, आणि एडना ते विल्फच्या हातात द्यायची, दर वेळी, मुद्दाम.

अर्नल्ड मात्र एका गोष्टीवर अडून राहिला. ती खपली टिकली असती, असं त्याचं मत होतं. पाणी मारत राहिलो असतो तर भट्टी पेटती राहिली असती, भट्टी पेटती असती तर लंडनला वाकावं लागलं असतं. क्लबात, भाजीच्या वाफ्यावर, कबुतरांच्या खुराड्यापाशी, जिथे भेटतील तिथे दोघं यावरून भांडायचे. भाजलेल्या हातावरची चकचकीत कातडी चोळत अर्नल्ड म्हणायचा, "तू घाबरलास, बस्स." विल्फ म्हणायचा, "घाबरलो. तूही घाबरायला हवं होतंस." खरं काय, ते कुणालाच कधी कळणार नव्हतं. विल्फ एकटा असताना कधी कधी त्याला वाटायचं की अर्नल्डचं बरोबर असेल. हे तो कुणाला बोलला नाही.

अर्नल्डच्या छातीने शेवटी दगा दिला, तेव्हा तो बार्न्सलीच्या इस्पितळात होता. दुपारची भेटीची वेळ होती. एडना द्राक्षं सोलत बसली होती, विल्फ पलंगाच्या पायथ्याशी. अर्नल्डला बोलायला दम लागत होता, तरी त्याने बोट वर केलं.

"विल्फ. टिकली असती."

विल्फच्या मनात आलं, आता हो म्हणून टाकावं. काय जातं?

"नसती टिकली," तो म्हणाला.

अर्नल्डच्या डोळ्यांत जुनी चमक आली. तो हसायला गेला आणि खोकल्याने वाकला. एडनाने त्याच्या पाठीखाली हात घालून त्याला सावरलं.

"दोघंही गप्प बसा," ती म्हणाली. "लोक बघताहेत."